नाशिक, अरुशा आणि झांझिबार

आमची थोरली लेक कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. एके रात्री दस्तरखानावर बसल्या बसल्या तिने सांगितले की, तिला तीन महिन्यांसाठी टांझानियाला जायचे आहे. तिथे अरुशा नावाच्या शहरात गरीब बायकांना मोफत कायदेशीर मदत देणारे एक छोटे कार्यालय आहे, तिथे इंटर्नशिप करायची. पगार नाही. भाडे आपले, राहण्याखाण्याचा खर्चही आपलाच. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि आधी जेवण पुरे केले.

आमचे घर जुन्या नाशकात, कोकणीपुऱ्यात. दूधबाजाराच्या बाजूला मसाल्याचे लहान दुकान. घरातून कुणी परदेशात गेले असेल तर हज-उमऱ्याला, नाहीतर आखातात नोकरीला. पदरचे पैसे घालून आफ्रिकेत काम शिकायला, तेही एकट्या मुलीने, असे आमच्या गल्लीत कुणी ऐकलेले नव्हते. नातेवाइकांनी समजुतीच्या गोष्टी सांगितल्या. वकिलीच शिकायची आहे ना, मग सीबीएसला उतरले की समोर जिल्हा न्यायालय आहे, तिथे काय कमी आहे? एक जण म्हणाले, तिथे वाघ-सिंह फिरतात. (वाघ आफ्रिकेत नाहीतच, हे मुलीने त्यांना तिथल्या तिथे ऐकवले. ते बरे नाही केले.) फक्त भिवंडीहून मुलांच्या फुफीचा फोन आला. त्या म्हणाल्या, “जाऊ द्या तिला. आम्हाला कुणी विचारलेसुद्धा नव्हते.” आम्ही ते वाक्य तेव्हा नुसते ऐकून सोडून दिले.

शेवटी आम्ही हो म्हटले, पण डोळे मिटून नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी असा प्रश्न आलाच तर उपयोगी पडेल म्हणून सांगतो. कार्यालयाच्या प्रमुख बाईंशी आम्ही व्हिडिओवर स्वतः बोललो. काम काय, तास किती, देखरेख कोणाची, हे लेटरहेडवर लिहून घेतले. राहायला हॉस्टेल न घेता एका कुटुंबात खोली घेतली आणि त्या घरच्या बाईंशीही बोललो. असे काम पर्यटक व्हिसावर करता येत नाही, त्याचा परवाना वेगळा असतो. तो घ्यायचा कंटाळा करू नये, कारण पकडले गेले तर भोगावे मुलालाच लागते. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तिचे पिवळे कार्ड जवळ नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून विलग ठेवतात.

जायच्या आदल्या आठवड्यात लेक आम्हाला शरणपूर रोडवर घेऊन गेली. महापालिकेच्या राजीव गांधी भवनासाठी, खरेदीसाठी, आम्ही त्या रस्त्याने हजार वेळा गेलो असू. ती म्हणाली, “अब्बा, नाशिकहून आफ्रिकेला जाणारी मी पहिली नाही. हे शरणपूर नाव का पडले, ठाऊक आहे?” आम्हाला ठाऊक नव्हते.

१८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळी पूर्व आफ्रिकेतून माणसे पकडून, जहाजात कोंबून अरबस्तान आणि इराणच्या बाजूला विकायला नेत असत. इंग्रजांची गस्ती जहाजे अशी काही गलबते अडवून आतल्या माणसांना मुंबईला आणून सोडत. त्यात पोरे पुष्कळ असत, ज्यांना आपले गाव कुठे, आईबाप कुठे, हे सांगता येत नसे. त्यातली बरीच मुले शरणपुरात आली. इथे सुतारकाम, लोहारकाम शिकली, लिहायला-वाचायला शिकली. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हणतात. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी आपल्या अखेरच्या सफरीची तयारी करताना नाशकात आला आणि यांतली नऊ मुले बरोबर घेऊन गेला. पुढे १८७२ मध्ये आणखी काही जण त्याच्या मदतीला पाठवले गेले, त्यांत जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. १ मे १८७३ च्या सुमारास, आज झांबियात असलेल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन वारला. बरोबरच्या माणसांनी त्याचे हृदय एका झाडाखाली पुरले. प्रार्थना म्हटली ती नाशकात शिकलेल्या जेकबने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. मग मीठ लावून सुकवलेला देह खांद्यावर घेऊन ही माणसे सुमारे नऊ महिने चालत समुद्रकिनाऱ्याला पोचली. लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले तेव्हा जेकब हजर होता.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून हे ऐकत होतो आणि मागून रिक्षावाला हॉर्न देत होता. आमच्या शहराची ही गोष्ट आम्हाला पन्नाशीत, तीही आमच्या मुलीकडून कळली.

लेक मे महिन्यात गेली. बकरी ईद घरी करून जुलैच्या सुरुवातीला, २०२३ साली, आम्ही दोघे तिला आणायला निघालो. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून किलिमांजारो विमानतळ. ढगांच्या वर एक पांढरे टोक दिसले, ५,८९५ मीटर उंचीचे. आम्ही ते बघत बसलो आणि उतरायचा फॉर्म भरायचा राहिला.

अरुशा मेरू पर्वताच्या पायथ्याशी आहे. हवा जुलैत थंड, आपल्या डिसेंबरातल्या नाशिकसारखी. कॉफी आणि केळीच्या बागा, लाल माती. पहिल्या दिवशी अनोळखी वाटले, दुसऱ्या दिवशी कानांना ओळखीचे शब्द सापडू लागले. स्वाहिलीत पुस्तक म्हणजे किताबू, जग म्हणजे दुनिया, वाहन म्हणजे गारी, दुकान म्हणजे दुका, विमा म्हणजे बिमा, लाख म्हणजे लाकी. चहा ‘चाय’च आणि चपाती ‘चपाती’च. रिक्षाला तिथे ‘बजाजी’ म्हणतात, पुण्याच्या कंपनीचे नाव जातिवाचक होऊन बसले आहे. मुलीच्या कामाचे शब्द तर आमच्या मोहल्ल्यातलेच निघाले. वकील म्हणजे वकिली, हक्क म्हणजे हाकी, न्यायालय म्हणजे महाकामा, साक्ष म्हणजे उशाहिदी. घरमालकीणबाईंना मुलगी सकाळी “शिकामो” म्हणते आणि त्या “मरहबा” म्हणतात. मोठ्यांना सलाम करायची ती पद्धत आहे. आम्हीही करू लागलो, पण बाई आमच्याहून लहान निघाल्या आणि सगळे हसले.

कार्यालय म्हणजे दोन खोल्या, एक पंखा, भिंतीला लागून फायली, बाहेर बाकावर बसलेल्या बाया. कुणाच्या पाठीला मूल बांधलेले. मुलीला न्यायालयात उभे राहायची परवानगी नव्हती आणि भाषाही पुरेशी नव्हती. तिचे काम होते ऐकणे, तारखा नीट लावणे, कागदांच्या प्रती काढणे आणि इंग्रजीत टिपण करणे. आम्हाला वाटले होते, एवढ्या लांब येऊन ही काहीतरी मोठे करत असेल. ती म्हणाली, “अम्मी, तारखा नीट लावणे हेच मोठे काम आहे.”

एक दिवस बाकावर बसून आम्ही पाहिले. बहुतेक प्रकरणे एकाच वळणाची. नवरा वारला, दीर आले, म्हणाले जमीन आमच्या कुळाची, तू माहेरी जा. टांझानियाचे १९९९ चे जमिनीचे कायदे बाईला पुरुषाइतकाच हक्क देतात. पण वारसा ठरवताना तिथे तीन कायदे शेजारी शेजारी चालतात. एक रूढीचा, ज्याची नोंद १९६३ च्या सरकारी आदेशात आहे आणि त्यात विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा नाही. दुसरा मुसलमानांसाठी शरीयतचा. तिसरा लिखित, आणि तो कुठला असावा? १८६५ चा भारतीय वारसा कायदा! आपण तो १९२५ मध्ये बदलला, तिथे अजून त्याच्यावर बोट ठेवून वाद होतात. इंग्रजांनी आपले कायदे गठ्ठ्याने तिकडे नेले होते. टांगानिकात भारतीय दंडविधान १९३० पर्यंत चालले आणि झांझिबारच्या ब्रिटिश न्यायालयाची अपिले तर एके काळी मुंबई उच्च न्यायालयात येत.

त्या दिवशी एक बाई कॉफीच्या पावत्या घेऊन आल्या होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या, पिशवीत घड्या घालून ठेवलेल्या. मळ्यात आपणही राबलो याचा तेवढाच पुरावा. आमच्या मुलीने त्या एकेक करून वर्षावार लावल्या. बाई मान हलवत, एखादी चुकीची लागली की बोटाने मागे सरकवत. दोघींची भाषा एक नव्हती, पण काम अडले नाही. आम्ही दुकानदार माणसे, पावतीची किंमत आम्हाला कळते. पण अशी किंमत कधी मोजली नव्हती.

मुलीने नंतर हेही सांगितले की इस्लामने विधवेला, मुले असतील तर आठवा आणि नसतील तर चौथा हिस्सा चौदाशे वर्षांपूर्वी ठरवून दिला, हे ती तिथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगत असे. एका मुस्लिम सहकारी बाईने तिला विचारले, “ठरवून दिला, ते ठीक. तुमच्याकडे तो मिळतो का?” तिने काय उत्तर दिले, ते तिने आम्हाला सांगितले नाही.

अरुशाला न्यायालयांचे शहर म्हणावे इतकी न्यायालये आहेत. आफ्रिकेचे मानवी हक्क न्यायालय इथे आहे, पूर्व आफ्रिकेचे न्यायालयही इथेच. रवांडात १९९४ मध्ये शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, त्या गुन्ह्यांचा संयुक्त राष्ट्रांचा खटला याच शहरात चालला. ९३ जणांवर आरोपपत्रे झाली. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात अकायेसू नावाच्या एका नगरप्रमुखाला दोषी धरताना, स्त्रियांवरचे अत्याचार हेही वंशसंहाराचे हत्यार असू शकते, असे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पहिल्यांदा म्हटले. त्या तीन न्यायाधीशांत नवनीतम पिल्ले होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या. मुलीने त्यांचा फोटो मोबाईलवर कायम ठेवला आहे.

आता जनावरांकडे वळतो, कारण परत आल्यावर शेजारच्या मुलांनी दुसरे काही विचारलेच नाही.

सेरेंगेटीचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून एकच दिवस, गोरोंगोरो. आणखी चौघांबरोबर गाडी वाटून घेतली. अरुशाहून साडेतीन-चार तास. वर कड्यावर पोचलो तेव्हा धुके इतके होते की समोर नुसती पांढरी भिंत. मग ती विरत गेली आणि खाली एक प्रचंड परात दिसली. लाखो वर्षांपूर्वी ज्वालामुखी आत कोसळून झालेला हा खड्डा सुमारे सहाशे मीटर खोल आहे आणि तळ जवळपास २६० चौरस किलोमीटरचा. तळाला सुमारे पंचवीस हजार मोठी जनावरे राहतात. वरून ती पांढऱ्या चादरीवर सांडलेल्या जिऱ्यासारखी दिसतात. हा आमचा धंदा बोलला, माफ करावे.

खाली उतरल्यावर झेब्रे आणि विल्डबीस्ट इतके की पहिल्या अर्ध्या तासानंतर त्यांचे फोटो काढणे बंद झाले. सिंहीण गाडीच्या सावलीत येऊन आडवी झाली आणि आम्ही श्वास रोखून बसलो, तिने आमच्याकडे पाहिलेही नाही. काळा गेंडा लांबवर एक राखाडी ठिपका म्हणून दिसला. चालकाने सांगितले म्हणून तो गेंडा, आम्ही दगडावरही विश्वास ठेवला असता. मगदी सरोवरात रोहित पक्षी उभे होते. ते मात्र ओळखीचे, नांदूर मधमेश्वरला थंडीत दिसतात ते. जेवायच्या जागी घारी टपून असतात, हे सांगूनही अम्मीच्या हातातले सामोसे घारीने नेले. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला.

उतारावर एके ठिकाणी लाल शाली पांघरलेले दोन मसाई गुराखी मुले गाई हाकत होती. चालक बोलता बोलता गप्प झाला, म्हणून विचारले. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मसाईंना हलवले तेव्हा गोरोंगोरोच्या या पट्ट्यात राहू दिले गेले. आता सरकार म्हणते, माणसे आणि गुरे वाढली, जंगलाला भार होतो. २०२२ पासून कुटुंबांना सहाशे किलोमीटर लांब म्सोमेराला नेले जात आहे. सरकार म्हणते लोक आपखुशीने जातात, अनेक मसाई म्हणतात शाळा-दवाखाने आटवून जायला भाग पाडले जाते. शेजारच्या लोलियोंदोच्या जमिनीचा खटला अरुशातल्याच पूर्व आफ्रिकेच्या न्यायालयात होता, तो २०२२ मध्ये फेटाळला गेला. आम्ही परतल्यावर नोव्हेंबरात अपिलात तो निकाल रद्द होऊन पुन्हा सुनावणीचा हुकूम झाला. मेळघाटात व्याघ्र प्रकल्पासाठी कोरकूंची गावे हलली, त्याच्या बातम्या आम्ही वाचल्या होत्या. निफाडच्या उसात बिबट्या निघाला की आम्हीच म्हणतो, याला उचलून न्या. त्या दिवशी गाडीत बसून प्राण्यांचे फोटो काढणारे आम्ही आणि गाई हाकणारी ती मुले, यांत तिथला कोण आणि पाहुणा कोण, हे उघड होते. पण तिकीट आमच्या हातात होते.

मुलीचे काम संपल्यावर तिघे झांझिबारला गेलो. अरुशा ते दार-ए-सलाम दिवसभराची बस, मग दोन तासांची बोट. बोटीतून स्टोन टाउन दिसू लागले तेव्हा आम्हाला आमच्या आजोळच्या खाडीची आठवण झाली. नारळ, शिडाची होडी, मशिदीचा पांढरा रंग. पहाटे आमच्यातला एक जण जवळच्या मशिदीत फज्रला गेला. दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामसाहेबांनी हात उचलून कुनूत सुरू केली. नाशकात आजूबाजूला सगळे हनफी, आम्ही कोकणी शाफई. लहानपणी दादी फज्रमध्ये कुनूत पढायची, तिच्यानंतर आमच्या घरी ती हळूहळू सुटली. हजारो मैलांवर अनोळखी माणसांमध्ये उभे राहून ती ऐकली आणि डोळे भरून आले. सगळे झांझिबार शाफई आहे म्हटले तरी चालेल, राज्य मात्र ओमानच्या इबादी सुलतानांचे होते. समुद्राने कोकणच्या किनाऱ्याला आणि या बेटाला एकच मसलक दिला.

बेटावर पाहण्यासारखे पुष्कळ. जोझानीच्या रानात लाल कोलोबस माकडे, जी जगात फक्त इथल्याच बेटांवर आहेत. चांगू बेटावर आपल्या वयाच्या दुपटीहून म्हातारी कासवे, त्यांचे पूर्वज सेशेल्सहून भेट आलेले. दक्षिणेला किझिमकाझीला हिजरी ५०० चा, म्हणजे सन ११०७ चा, कूफी शिलालेख असलेली मशीद. दाराजानी बाजारात लवंगेचा ढीग हातात घेऊन आम्ही वास घेतला आणि भाव विचारला, सवयच ती. दुकानात आम्ही वर्षानुवर्षे ‘झांझिबारची लवंग’ म्हणून जी देतो, तिचे हे माहेर. १९३७-३८ मध्ये तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांवर अन्याय करणारे कायदे झाले, तेव्हा भारतात या लवंगेवर बहिष्कारही पडला होता.

बाजारापासून थोड्याच अंतरावर ती जागा आहे. आज तिथे अँग्लिकन चर्च आहे. १८७३ पर्यंत तिथे माणसांचा बाजार भरे.

आम्हाला जायचे नव्हते. खरे सांगायचे तर सुट्टीत असे काही कशाला पाहायचे, असे वाटले. लेक म्हणाली, तुम्ही बाहेर बसा, मी जाते. मग तिघे गेलो. अंगणात जमिनीत खणलेल्या खड्ड्यात दगडाच्या पाच मूर्ती आहेत, गळ्यात साखळ्या. चर्चच्या आत, जिथे चाबकाने मारायचा खांब होता असे सांगतात, तिथे संगमरवरी वर्तुळ आहे. आणि एका बाजूला एक साधा लाकडी क्रूस. वाटाड्याने सांगितले, लिव्हिंग्स्टनचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, त्याच झाडाच्या लाकडाचा. आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले. शरणपूरच्या मुलाने ज्या झाडाखाली प्रार्थना म्हटली, ते झाड!

वाटाड्या तरुण होता, मुसलमान, अदबीचा. आम्ही विचारले, विकणारे कोण होते? त्याने एकदा आमच्याकडे पाहिले आणि सांगितले. सुलतान मुसलमान होता. हजारो माणसांचे तांडे आणणारा टिप्पू टिप मुसलमान होता, त्याचे घर अजून गल्लीत उभे आहे. त्याला पैसा पुरवणारे तारिया तोपन हे भारतातून आलेले खोजा व्यापारी होते. जकातीचा मक्ता अनेक वर्षे कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. १८६० च्या सुमारास ब्रिटिश कॉन्सलने भारतीयांच्या घरांतून हजारो गुलाम सोडवले. लवंगेच्या बागा याच माणसांच्या श्रमावर उभ्या राहिल्या. तो हे सगळे हळू आवाजात, जणू आमचीच लाज राखत सांगत होता.

हजरत बिलाल (रजि.) यांची गोष्ट आम्ही मुलांना झोपवताना सांगितली आहे. सूरह बलदमध्ये गुलामाला मोकळे करणे ही कठीण चढणीची वाट म्हटली आहे, हे आम्ही तफसीरच्या वर्गात ऐकले आहे. आणि त्याच ग्रंथाची तिलावत करणारी माणसे या अंगणात भाव करत होती. इंग्रजांनी हा बाजार बंद केला, त्यात त्यांचे राजकारण होते, हे खरे आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८७३ च्या आरंभी सुलतान बरगशकडे आले, सुलतानांनी नकार दिला, मग आरमाराने बेट वेढण्याची धमकी आल्यावर ५ जूनला करार झाला. पण ‘इंग्रजांचे राजकारण’ एवढे म्हणून त्या खड्ड्यापुढून निघून जाता येत नव्हते.

मुलीने संध्याकाळी गच्चीवर आणखी एक गोष्ट सांगितली. करारानंतरही बेटावर गुलामी चालूच राहिली. १८९७ मध्ये सुलतानांच्या फर्मानाने तिचे कायदेशीर अस्तित्व संपले. पण कसे? गुलामाने स्वतः न्यायालयात जाऊन अर्ज करायचा. मालकाला भरपाई. आणि घरात ठेवलेल्या बायका त्यातून वगळल्या, त्यांना तो हक्क मिळाला १९०९ मध्ये. “अब्बा, ज्याला अर्ज करता येत नाही, त्याच्यासाठी कायदा असून नसल्यासारखा,” ती म्हणाली. मगरिबची अजान झाली. नमाज झाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “एक विचारू? रागावू नका. फुफीने सही केली, ती खुशीने केली होती?”

आमच्या वडिलांचा इंतकाल २००९ मध्ये झाला. मागे एक मुलगा, एक मुलगी. घर आणि दुकान. शरीयतच्या हिशोबाने दोन हिस्से मुलाचे, एक मुलीचा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आपांनी हक्कसोडपत्रावर सही केली. सगळ्यांच्या बहिणी करतात. आम्ही त्यांना साडी दिली, मिठाई दिली, रिक्षाने स्टेशनवर सोडले. माहेर तुटू नये म्हणून बहीण सही करते, हे सगळ्यांना माहीत असते आणि कुणी बोलत नाही. पुढे भिवंडीत त्यांचे यंत्रमाग बंद पडले, मेहुणे गेले, तेव्हाही आम्ही ईदला पैसे पाठवत राहिलो आणि स्वतःला चांगला भाऊ, चांगली भावजय समजत राहिलो.

आम्ही म्हटले, नोंदणी झालेला दस्त आहे, वडिलांच्या पश्चात झालेला आहे, कायद्याने पक्का आहे. मुलगी म्हणाली, “हो. वडिलांच्या हयातीत केला असता तर टिकला नसता. हा टिकतो. कायद्याने तुम्ही सुटलात.”

त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कासवे पाहायला गेलो, फोटो काढले, ते फोटो चांगले आले आहेत.

नाशकात परतल्यावर पहिल्या जुम्याला भिवंडीला गेलो. झांझिबारची लवंग नेली होती. आपा आधी कॉफीच्या पावत्यांची गोष्ट ऐकत बसल्या, मग त्या म्हणाल्या, “तिला मिळाली का जमीन?” अजून तारीख आहे, मुलीने सांगितले. मग आम्ही विषय काढला. आपा चिडल्या. म्हणाल्या, एवढ्या वर्षांनी भांडण लावायला आलात का, मला काही नको. मुलगी म्हणाली, “फुफी, नको असेल तर मिळाल्यावर परत द्या. आधी हातात तर येऊ दे.” त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, आत जाऊन चहा ठेवला.

घर तोडून तिसरा हिस्सा काढता येत नाही आणि तेवढी रोकड आमच्याकडे नाही. मूल्यांकन करून घेतले. दुकानावरची खोली आपांच्या नावे हिबा केली, ताबा दिला, तिचे भाडे आता थेट त्यांच्या खात्यात जाते. उरलेली रक्कम हप्त्यांनी द्यायची आहे, इन्शाअल्लाह पाच-सहा वर्षे लागतील. दोन चुलत्यांनी आमच्याशी बोलणे कमी केले आहे, कारण त्यांच्याही बहिणी आहेत.

पहिले भाडे जमा झाले त्या दिवशी आपांचा फोन आला. पैशाबद्दल एक शब्द नाही. म्हणाल्या, “ते सगळे ठीक, पण हत्ती पाहिलात की नाही, ते कुणी सांगितलेच नाही.” आम्ही पाहिला होता. गोरोंगोरोच्या तळाला, झाडीच्या कडेला, एकटाच, मोठ्या सुळ्यांचा. फोन स्पीकरवर टाकला आणि मुलगी सांगू लागली.